ग्विलनवरची ग्वेंडा आणि चौदा महिन्यांची नळी

ग्वेंडा नवीन माणसाला भेटली की हात पुढे करण्याआधी त्याच्या नखांकडे बघते. त्यात तिचा दोष नाही. बावीस वर्षं तिने कार्डिफ शहरातल्या हॉटेलांची, खानावळींची आणि शाळांच्या भटारखान्यांची तपासणी केली. पांढरा कोट, पांढरी टोपी, हातात वही. ती दारात दिसली की आचाऱ्यांच्या हातातले डाव खाली पडायचे. फ्रीजच्या मागे झुरळाची एक लेंडी सापडली की पाचपैकी एक गुण. तो आकडा दाराच्या काचेवर चिकटवायचा, तोही आत शिरणाऱ्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. एका मालकाने तर तिच्यासमोर रडून दाखवलं होतं. ग्वेंडाने त्याला रुमाल दिला आणि आकडा चिकटवला.

अशी ही बाई गेली नऊ वर्षं छत्तीस फुटी शिडाच्या बोटीवर नवऱ्यासोबत राहत होती. नवऱ्यासोबत आणि अंदाजे चारशे झुरळांसोबत. अंदाज तिचाच. तिचा अंदाज सहसा चुकत नाही.

बोटीचं नाव ग्विलन. त्यांच्या वेल्सच्या भाषेत म्हणजे समुद्रपक्षी. आमच्या कॅरिबियनमधल्या कारियाकू बेटाच्या खाडीत आडनावं कोणाला लागत नाहीत. बोटीचं नाव तेच आडनाव, तेच कूळ, तेच गोत्र. पन्नासेक बोटी नांगर टाकून असतात. कोण कुठल्या देशाचा, कोणाचा धंदा काय होता, कोणाची कितवी बायको, हे सगळं हळूहळू कळतंच. पण हाक मारायची ती बोटीच्या नावाने. ‘ग्विलन आली का?’ ‘ग्विलनला मासा हवाय का?’ तेव्हा ग्वेंडा म्हणजे ग्विलन आणि तिचा नवरा एमलिन म्हणजेही ग्विलन. कोणती ग्विलन म्हणायची, ते वासावरून ओळखायचं, असं ती स्वतःच म्हणायची.

एमलिन माणूस सोन्यासारखा. कोणाचं इंजिन अडलं, कोणाचा नांगर खडकात रुतला की हा हजर. दाढी छातीपर्यंत. त्या दाढीत काल काय जेवला ते वाचता येतं. आयुष्यभर त्याने कार्डिफमध्ये नळजोडणीची कामं केली; दुसऱ्यांचे तुंबलेले संडास मोकळे करून दिले. स्वतःच्या बोटीवरचा संडास मात्र गेले चौदा महिने गुदमरलेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

‘दोन वर्षं, पोरी,’ तो निघताना म्हणाला होता. ‘बेटं बघू, ऊन खाऊ आणि परत.’ बायकोला पोरी म्हणायची त्यांच्या खोऱ्यातली रीत. दोनाची नऊ कधी झाली ते त्यालाही सांगता येणार नाही. हिवाळ्यात उत्तरेला मार्टिनिकपर्यंत, वादळाच्या दिवसांत दक्षिणेला त्रिनिदादपर्यंत, मध्ये आमची खाडी. दरवर्षी तेच. ग्वेंडाची बहीण वेल्समधून लिहायची, ‘फोटो बघून जीव जळतो गं! किती नशीबवान तू!’ फोटोत निळं पाणी असायचं, माडाची झाडं असायची, एमलिन दात काढून हसत असायचा. फोटोला वास नसतो, हेच त्याचं बरं असतं.

वासाचं सांगायचं तर कुठून सुरुवात करावी? मार्चपासून तपकिरी शेवाळाचे तांडे वाऱ्याबरोबर येतात, किनाऱ्याला लागून सडतात आणि नासक्या अंड्यांचा भपका खाडीभर पसरतो. नाण्यांवर काळा थर चढतो, घशात कडू चव येते. ते तर निदान निसर्गाचं. माणसांचं म्हणाल तर, रोज सकाळी सात वाजता रेडिओवर आमची चावडी भरते. कोण आला, कोण निघाला, हवा कशी, कोणाकडे जादा दोर आहे, सगळ्यांनी एकमेकांना गोड गोड शुभ प्रभात म्हणायचं. चावडी उठली की सव्वासात वाजता पन्नास बोटींवरून संडासांचे पन्नास हातपंप कचकच कचकच वाजू लागतात. जे जायचं ते खाडीत जातं. आणि साडेसातला त्याच पाण्यात टोप्या घालून बायका पोहायला उतरतात. ‘किती ताजंतवानं वाटतं नाही?’ म्हणतात. ग्वेंडा नऊ वर्षांत त्या खाडीत एकदाही उतरली नाही. एकदा पाय घसरून पडली होती, तेव्हा वर येऊन तिने तोंडात दारू घेऊन चूळ भरली. प्यायली नाही, थुंकली. एमलिनला अजून त्या दारूचं वाईट वाटतं.

बोटीवर पुठ्ठ्याचा खोका कोणी आणत नाही, कारण पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. दुकानातून सामान आणलं की धक्क्यावरच खोके फाडून टाकायचे, केळ्यांचे घड समुद्रात बुडवून काढायचे. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. एमलिननेच चार वर्षांपूर्वी बिअरचा एक खोका उन्हाचा ताप झाला म्हणून तसाच आत आणून ठेवला होता. ‘एकच तर आहे,’ म्हणाला. त्या एकाचे चारशे झाले. ते आता तांदळात होते, घड्याळात होते, ग्वेंडाच्या दात घासायच्या ब्रशावरही. रात्री दिवा लावला की ओट्यावरचा अंधार पळून जायचा आणि त्याला पाय असायचे.

एमलिनच्या सवयीही काही कमी नव्हत्या. अंग पुसायचा टॉवेल आणि ताटं पुसायचं फडकं यांच्यात त्याला आयुष्यात फरक कळला नाही. पायाची नखं तो बाहेरच्या बाकावर बसून कापायचा, आणि नख उडून कुठे गेलं ते ग्वेंडाला चहाच्या कपात सापडायचं. मासा तिच्या पोळपाटावरच चिरायचा. पिठात अळ्या वळवळल्या की म्हणायचा, ‘मांस आहे ते. फुकटचं.’ आणि खायचा.

पण या सगळ्याच्या वरताण ती नळी.

बोटीवरच्या संडासातून बाहेर जाणारी रबरी नळी, मनगटाएवढी जाड. खारं पाणी आणि मूत्र एकत्र आलं की आतून पांढरा दगडी थर बसत जातो, म्हाताऱ्या माणसाच्या रक्तवाहिनीत बसतो तसा. भोक बारीक होत होत बोटाएवढं राहतं. मग पंप मारला की आत जायचं ते वर येतं. आमच्याकडे त्याला ठरलेला उपाय आहे. वर्षातून एकदा नवऱ्याने नळी काढायची, किनाऱ्यावर न्यायची आणि धोबी चादर आपटतो तशी खडकावर आपटायची. आतला थर फुटून बाहेर पडतो. पीठ, तांदूळ, कपाटातली बुरशी हे बायकोचं काम. इंजिन आणि नळी नवऱ्याचं. ही वाटणी कोणी केली ते ठाऊक नाही, पण मोडत कोणीच नाही. ग्वेंडाने स्वतः नळी काढली असती तर खाडीभर एमलिनचं नाक कापलं गेलं असतं. आणि तिनेही म्हटलं, का म्हणून? माझं पीठ मी चाळते ना?

‘वारा पडू दे, मग काढतो,’ एमलिन म्हणायचा. चौदा महिने वारा पडला नाही.

या चौदा महिन्यांत ग्वेंडाच्या नाकात तो वास घर करून बसला. पावाच्या कणकेत यायचा. उशीत यायचा. एकदा बहिणीने पाठवलेल्या अत्तरातही आला, तेव्हा ती मुकाट उठली, होडी वल्हवत गावात गेली आणि शुक्रवारच्या फेरीबोटीचं ग्रेनाडापर्यंतचं आणि शनिवारच्या विमानाचं घरापर्यंतचं तिकीट काढून आली. एकच तिकीट. तिने नऊ वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले पांढरे कापडी बूट बाहेर काढले. घरी जायच्या दिवशी घालायचे म्हणून ते ठेवले होते. जमिनीवर, फरशीवर, पावसाने धुतलेल्या फुटपाथवर चालायला. त्यांना बुरशी लागली नव्हती. बोटीवर बुरशी न लागलेली तेवढी एकच वस्तू होती.

एमलिनला सांगायचं गुरुवारी रात्री, असं तिने ठरवलं. म्हणजे भांडायला एकच रात्र उरेल.

बुधवारी दुपारी चारला शेजारच्या ‘ट्राना’ बोटीवरची, स्टूरेची बायको इंगेला चहाला आली. स्वीडनची, बोलायला गोड, ऐकायला त्याहून गोड. एमलिन गावात मिस बर्नडीनच्या दुकानात गेला होता. मिस बर्नडीन पाव भाजते, रम विकते आणि पावाची मागणी घ्यायला फळीवर रेडिओ सदा चालू ठेवते. खाडीतल्या सगळ्या बोटींचाही एकाच वाहिनीवर रेडिओ चालू असतो. आता या रेडिओची एक खोड आहे. माइकचं बटण दाबलं की तुम्ही बोलता आणि सोडलं की ऐकता. पण तुम्ही बटण सोडलंच नाही, तर साऱ्या खाडीचं तोंड बंद आणि कान उघडे. कोणी ‘अहो, ग्विलन, बटण!’ असं ओरडलं तरी तुम्हाला ऐकू येत नाही. होडी वल्हवत येऊन दार ठोठावणं, एवढाच मार्ग.

एमलिन माइक कधी खुंटीवर लावत नाही. माइक नेहमीप्रमाणे आतल्या बाकावर पडला होता. त्यावर उशी होती. उशीवर ग्वेंडा बसली.

‘चहात काही नाहीये ना?’ इंगेला हसत म्हणाली.

‘मी गाळलाय. दोनदा.’

‘तू फार करतेस गं, ग्वेंडा. इतकं काय वाईट आहे? आमच्याकडे पण आहेत झुरळं.’

‘तुझ्याकडे तीस असतील. आणि तू त्यांना मारतेस. हा त्यांना नावं ठेवतो! परवा एकाला डेव्हिड म्हणाला.’

इंगेला खिदळली. ‘खरं सांग, तू आमच्या बोटींना मनातल्या मनात गुण देतेस ना? स्टूरे म्हणतो, ग्वेंडा जेवायला आली की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.’

‘छे.’

‘देतेस! ट्रानाला किती? खरं सांग. आपण दोघीच तर आहोत.’

ग्वेंडाने कप खाली ठेवला. बावीस वर्षांची सवय. विचारलं की सांगायचं.

‘चार. पाच दिले असते, पण स्टूरे अनवाणी ओट्यावर चढून दिवा बदलतो, तो एक गेला.’

‘चार! बघ, चार वाईट नाहीत. आणि सेकंड विंड?’

सेकंड विंड म्हणजे डॉयल. रोज सकाळी रेडिओवरची चावडी तोच चालवतो. अमेरिकेत कुठेतरी विम्याचा मोठा साहेब होता, आणि ते तो विसरलेला नाही.

‘शून्य.’

‘शून्य!’

‘दर रविवारी किनाऱ्यावरच्या जेवणाला त्याचं ते बटाट्याचं सॅलड येतं ना? हाताने कालवतो. कोपरापर्यंत. त्याआधी त्याच हाताने कुत्र्याच्या कानात औषध घालतो. पुसतो कशाला? चड्डीला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आणि तुम्ही सगळे बोटं चाटता! मी नऊ वर्षं रविवारी फक्त मी केलेलं खाते, बाई. बाकी सगळं वाळूत पुरते.’

‘माझा सफरचंदाचा केक?’

ग्वेंडाने कप पुन्हा उचलला. ‘तुझा केक कधीकधी खाते.’

मग फ्रेंच जोडप्याच्या माशाच्या सूपात पडणारी सिगारेटची राख झाली. एकाच बादलीत पाय धुणारे आणि सॅलडची पानं धुणारे झाले. सकाळी सव्वासातचा पंप आणि साडेसातचं पोहणं झालं. ग्वेंडा बोलत गेली. नऊ वर्षं तुंबलेलं होतं, ते आता मोकळं झालं होतं. आणि खाडीतल्या पन्नास बोटींवर पन्नास जोडपी हातातलं काम टाकून बसली होती. दार ठोठावायला होडी कोणी काढली? कोणीही नाही. आम्ही सगळी भली माणसं, एकमेकांसाठी जीव देणारी. पण पुढची बोट कोणती आणि तिला किती, हे ऐकायचं सोडून वल्ही कोण हातात घेणार?

मिस बर्नडीनच्या दुकानात डोमिनो खेळणाऱ्यांचे हात हवेत राहिले होते. डॉयलचं शून्य ऐकून हशा पिकला, त्यात एमलिनही सामील होता. ‘माझी बायको आहे ती!’ असं छाती फुगवून म्हणालाही.

मग इंगेलाने विचारलं, ‘आणि ग्विलनला?’

‘ग्विलनला गुण नाहीत. ग्विलन मी बंद करते आहे. मी शुक्रवारी जातेय, इंगेला. एकटी. तिकीट काढलंय.’

‘एमलिनला…’

‘उद्या सांगेन. नळीसाठी नाही म्हणून सांगेन, पण आहे ते नळीसाठीच. मला त्याची किळस येते गं. तो जवळ आला की मी श्वास रोखते. आणि तो समजतो, मी लाजते!’

मिस बर्नडीनने हात लांबवून रेडिओ बंद केला. ‘मिस्टर एमलिन,’ ती म्हणाली, ‘आता घरी जा.’

ग्वेंडाला होडीचं इंजिन ऐकू आलं, मग पायऱ्यांवरचे पाय. एमलिन आत आला. तिला हाताने जरा बाजूला केलं, उशी उचलली, खालचा माइक काढला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा खुंटीला अडकवला.

इंगेलाने तोंडावर हात दाबला. ग्वेंडाला आधी काही समजेना. मग तिने खुंटीवरचा माइक बघितला, मग आपण बसलो होतो ती जागा. त्याच क्षणी रेडिओतून डॉयलचा आवाज आला, गार आणि अतिशय सभ्य: ‘ग्विलन, ग्विलन. सेकंड विंडकडून. तुमचं बटण अकरा मिनिटं दाबलेलं होतं. धन्यवाद.’

त्या रात्री एमलिनने उशी काखोटीला मारली. तो बाहेर बाकावर झोपला. ग्वेंडा आत जागी होती, झुरळांचे पाय ऐकत.

गुरुवारी सकाळची चावडी आजवरची सगळ्यांत छोटी झाली. ‘कोणाला काही द्यायचं आहे? काही हवं आहे?’ डॉयलने विचारलं. शुकशुकाट. सव्वासातला एकही पंप वाजला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण आमच्या पन्नास मुठी एकदमच उघड्या पडल्या होत्या. आठ वाजता बघावं तर प्रत्येक बोटीवर गाद्या उन्हात, चटया दोरीवर, बायका गुडघ्यांवर बसून फळ्या घासतायत. फ्रेंच माणूस सिगारेट ओढायला होडीत बसून लांब गेला. डॉयल दुपारी ग्विलनपाशी आला. सहा महिन्यांपूर्वी नेलेला पेचकस परत करायचा होता म्हणे.

‘ते… शून्य,’ तो पेचकस हातात फिरवत म्हणाला. ‘म्हणजे अगदीच शून्य?’

‘त्याच्या खाली आकडा नाही म्हणून,’ ग्वेंडा म्हणाली.

‘कुत्र्याच्या कानाचं मी बंद केलं तर?’

‘हात धुवा, डॉयल. साबणाने. मग बोलू.’

तोवर एमलिन कामाला लागला होता. सकाळी उठून कोणाशी न बोलता तो संडासात शिरला आणि दोन तास आत वेल्सच्या भाषेत शिव्या देत होता. बाहेर आला तेव्हा गळ्यात ती नळी, दोन मीटर लांब, अजगरासारखी. तिच्यातून जे गळत होतं ते त्याच्या दाढीवरून, पोटावरून, ओट्यासमोरून, गादीवरून टपकत गेलं. ग्वेंडाने नाक धरलं नाही. तिने तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं आणि सावकाश दहापर्यंत मोजलं. पुन्हा मोजलं.

किनाऱ्यावर खारफुटीच्या पलीकडे मोठा काळा खडक आहे. एमलिनने नळी डोक्यावरून फिरवली आणि आपटली. थप्प! आतून पांढरे पिवळे तुकडे उडाले, मुळ्याएवढे, काही त्याच्याच अंगावर. थप्प! कुत्री जमली. कावळ्यासारखे काळे पक्षी जमले. थप्प! खाडीतल्या सगळ्या दुर्बिणी त्याच्यावर होत्या. घामाने थबथबलेला तो साठीचा माणूस आपटतच होता; नळी केव्हाच मोकळी झाली असावी. मिस बर्नडीन दुकानाच्या पायरीवरून ओरडली, ‘मिस्टर एमलिन, मेला आता तो साप!’ तेव्हा कुठे थांबला.

ग्वेंडा ओट्यावर पावाची कणीक मळत होती. एमलिन आत आला, समुद्रात बुचकळलेली ती नळी त्याने कणकेच्या शेजारी ओट्यावर ठेवली. ओट्यावर. तिथे. ग्वेंडाची बोटं कणकेतच थांबली.

‘बघ, पोरी,’ तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. ‘आरपार.’

तिने बघितलं नाही. तेव्हा त्याने नळीचं एक टोक उचललं, डोळ्याला लावलं आणि दुसरं टोक तिच्या तोंडासमोर आणून दुर्बिणीतून बघावं तसं बघितलं.

‘दिसतेस,’ तो म्हणाला.

ग्वेंडाने मान वळवली. त्या गोल काळ्या भोकाच्या तळाशी एक निळा डोळा लुकलुकत होता. तिला शिसारी आली. त्याच वेळी हसूही आलं.

‘डोळा धू,’ एवढंच ती म्हणाली.

‘अगं, समुद्रात धुतलीय ना नळी…’

‘कुठल्या समुद्रात, एमलिन? या? डोळा धू. आत्ता.’

त्याला वाटलं ती चेष्टा करतेय. त्याने डोळा मनगटाने पुसला. ग्वेंडाने कणीक उचलली, खिडकीतून समुद्रात फेकली आणि पिशवी भरायला घेतली. ठरल्याप्रमाणे सांगायचं होतं. पण आता सांगायला काही उरलंच नव्हतं.

शुक्रवारी पहाटे ती उठली तेव्हा एमलिन बाकावर बसला होता. डावा डोळा पिकलेल्या टोमॅटोसारखा सुजून बंद. पापण्यांच्या फटीतून पिवळा पू गालावरून ओघळून दाढीत जात होता. माश्या बसत होत्या.

‘तू जा,’ तो म्हणाला. ‘फेरी चुकेल.’

‘आणि हे?’

‘डॉयलकडे थेंब आहेत. विचारतो त्याला.’

‘ते कुत्र्याच्या कानाचे आहेत!’

‘डोळा काय, कान काय…’

ग्वेंडाने बुटांची पिशवी खाली ठेवली. तिला त्या क्षणी हा माणूस जितका ओंगळ वाटला तितका नऊ वर्षांत वाटला नव्हता. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग तिने पाणी उकळलं, कोमट केलं, कापूस घेतला आणि श्वास रोखून त्याचा पू पुसायला बसली. एक बोळा, दोन बोळे, सात बोळे. तो चुळबुळ करायचा, ती ‘हलू नकोस, गलिच्छा’ म्हणायची. पापणी जरा उघडली तर आतला पांढरा भाग लालभडक.

‘शर्ट बदल,’ ती म्हणाली. ‘स्वच्छ असेल तो. नसेल तर मी देते. ग्रेनाडाला डॉक्टरकडे चल.’

‘तुझ्याबरोबर?’

‘एकट्याला एका डोळ्याने धक्का तरी दिसेल का?’ मग होडीत बसता बसता तिने ठणकावलं, ‘आणि एक ऐकून ठेव. मी या बोटीवर परत पाय ठेवणार नाही. डोळा बरा होवो, फुटो, काहीही होवो.’

‘मग मी काय करू?’

‘ते तू ठरव.’

धक्क्यावर तिकीटवाल्याने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मागे एका हाताने डोळा झाकून उभ्या असलेल्या एमलिनकडे. आदल्या दिवसापर्यंत सगळ्या बेटाला सगळं ठाऊक झालेलं होतं. ‘मिस ग्विलन,’ त्याने विचारलं, ‘तुमचं एक काढलेलंच आहे. एकच, की दोन?’

ग्वेंडाने जेवढा वेळ घ्यायला हवा त्यापेक्षा जास्त घेतला.

‘दोन,’ ती म्हणाली.

बसल्या बसल्या तिने ते पांढरे बूट घातले, नाड्या नीट बांधल्या. फेरी सुटली. ही फेरी वेगाची. मोठ्या लाटांवर ती आपटत जाते आणि नऊ वर्षं अटलांटिक झेललेल्या खलाशांनाही त्यात कसंतरी होतं. अर्ध्या वाटेवर एमलिन पांढरा पडला.

‘ग्वेन,’ तो म्हणाला, ‘ते विमान उद्याचं ना?’

‘तुझा डोळा उघडायला वेळ लागेल. तारीख बदलावी लागेल.’

‘तिकीट एकाचंच, की…’

उत्तर ऐकायला त्याला सवड मिळाली नाही. तो वाकला आणि तिच्या नऊ वर्षं जपलेल्या पांढऱ्या बुटांवर ओकला.

आजूबाजूचे लोक सरकले. ग्वेंडा बुटांकडे बघत बसली. पायाच्या बोटांपर्यंत ओल पोचली. कालचा मासा, भात आणि न चावलेली मिरची, सगळं तिला ओळखू आलं.

‘किती, पोरी?’ एमलिनने खाली मान घालूनच विचारलं. ‘पाचपैकी?’

‘शून्य,’ ग्वेंडा म्हणाली. बुटांची ती रिकामी प्लास्टिकची पिशवी तिने उघडली, त्याच्या तोंडापुढे धरली आणि दुसऱ्या हाताने त्याची दाढी मागे ओढून धरली. ‘दोघांचं काढायचं. आता ओक.’

त्यांना जाऊन दोन महिने झाले. ग्विलन अजून नांगरावर आहे. इंगेला आठवड्याला एकदा जाऊन दार उघडते आणि नाक दाबून परत येते. रविवारच्या जेवणाला डॉयल सगळ्यांसमोर साबणाने हात धुतो, आणि तरीही त्याच्या सॅलडला कोणी हात लावत नाही. मिस बर्नडीनच्या दुकानाच्या दारावर वेल्सहून टपालाने आलेला एक कागद डकवलेला आहे, ग्वेंडाच्या नीट, उभ्या अक्षरांत. बोट विकणे आहे, छत्तीस फूट, शिडं बरी, इंजिन चालू. बुरशी सगळीकडे. झुरळं चारशे, बोटीबरोबरच मिळतील. खाली जाड शाईने मोठा आकडा, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर येईल असा: पाचपैकी एक.

तो एक नळीचा.